गुलमोहराचा पार

गुलमोहराच्या फुलाला पाच पाकळ्या. चार लालभडक, आणि पाचवी पांढरट, अंगावर लाल-पिवळे शिंतोडे उडाल्यासारखी. ही पाचवी पाकळी आम्ही खायचो. आंबट लागते, चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखी. माझी मोठी बहीण, जिला मी आक्का म्हणतो, त्या पाकळीला ‘राजा’ म्हणायची. फूल हातात आलं की राजा उपटून माझ्या हातावर ठेवायची आणि उरलेल्या चार स्वतः चघळायची. तिला आंबट सोसत नाही, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

घरात आणि कचेरीत माझ्याविषयी एकच मत आहे: हे बोलत नाहीत. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक आपोआप भला धरतात. त्या समजुतीवर मी बरेच दिवस काढले. आता पन्नाशी उलटल्यावर, आणि यंदाच्या उन्हाळ्यात जे झालं ते झाल्यावर, लिहून टाकतो.

आमचं गाव उंद्रीकडून खामगावला जाणाऱ्या रस्त्याला लागून. बाबा रस्त्यावर मैलकुली होते. खड्डे बुजवायचे, मोऱ्या साफ करायच्या, रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढायचे. चिखलीच्या रेस्ट हाऊसपाशी काम निघालं, तेव्हा तिथल्या गुलमोहराच्या वाळक्या शेंगांचा भारा त्यांनी सायकलवर बांधून आणला. चुलीत घालायला. हातभर लांब, काळ्या, चपट्या शेंगा. झटकन पेटतात आणि झटकन विझतात. आईला त्या आवडल्या नाहीत. ‘एका भाकरीलेही पुरत नाहीत,’ ती म्हणाली. आम्हाला मात्र त्या तलवारीसारख्या दिसल्या. लढाई झाली, माझी तलवार मोडली, आणि आतून टणक, दगडासारख्या बिया सांडल्या.

त्या बिया आक्कानं उचलल्या. बाबा म्हणाले, ‘तशाच पुरशीन तं उगवनार नाहीत. पाठ घास त्यायची, मंग गरम पान्यात टाक.’ आक्कानं बी पाट्यावर घासली. ज्या पाट्यावर आईनं नुकतंच मिरची-लसूण वाटलं होतं, त्याच पाट्यावर. त्यासाठी तिनं पाठीत एक धपाटा खाल्ला, आणि बोटं दिवसभर चुरचुरली ती वेगळीच. उगवलेलं रोप तिनं विहारासमोर, रस्त्याच्या कडेला लावलं. विहार म्हणजे तेव्हा मातीच्या भिंती आणि वर टिनपत्रे. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून बाबांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. भांडी घासलेलं पाणी आक्का त्याला घालायची. मी फक्त त्याच्याशी उंची मोजायचो. पहिल्या वर्षी ते माझ्या गुडघ्याला होतं. दुसऱ्या वर्षी पाठीला पाठ लावून उभा राहिलो, तर आक्का हसायला लागली. झाड माझ्या डोक्यावरून गेलं होतं.

इतक्या भराभर वाढणारं झाड मी पुन्हा पाहिलं नाही. मी चौथी-पाचवीत असेन, तेव्हा ते फुललं. आधी एका फांदीवर, मग सगळीकडे. पानं नाहीतच, नुसता जाळ. बाबा कामावरून आले, सायकल भिंतीला टेकवली आणि टोपी काढून वर पाहत राहिले. आईनं विचारलं, ‘काय पाहून राह्यले?’ ते म्हणाले, ‘काई नाई. रस्त्यानं इतके झाडं रंगवले, हे एक आपल्या हातानं रंगवा लागलं नाही.’

त्या झाडाचं आम्ही काहीच वाया जाऊ दिलं नाही. कळीचं हिरवं आवरण सोललं की आतून लाल निघतं. पोरी ते नखांवर चिकटवून चेटकिणीसारखी बोटं नाचवत. फुलातल्या तुऱ्यांचे कोंबडे करून आम्ही झुंजी लावत असू. ज्याचं मुंडकं तुटलं तो हरला. हिवाळ्यात पानं गळली की शेंगा वाऱ्यानं वाजायच्या, रात्री घोंगडीत पडल्या-पडल्या ऐकू यायच्या. आणि जयंतीला वाजंत्री लावायची आमच्या वस्तीची ऐपत नव्हती तेव्हा मिरवणुकीत सगळ्या पोरांच्या हातात त्याच शेंगा असत. खुळखुळ, खुळखुळ. आक्का पुढे, पांढरा फ्रॉक, दोन्ही हातांत शेंगा. तिच्या ठेक्यावर आम्ही सगळे.

आमच्यात लग्नात अक्षता टाकत नाहीत, फुलं टाकतात. पण फुलं खामगावाहून आणावी लागत आणि ती येईस्तोवर सुकून जात. गुलमोहर मोठा झाल्यापासून उन्हाळ्यातल्या प्रत्येक लग्नाची फुलं त्याचीच. सकाळी पोरी टोपली घेऊन खाली बसायच्या आणि पाकळ्या निवडायच्या. मांडवाचीही गरज नसे. नवरा-नवरी झाडाखालीच उभे राहायचे. आमच्या गावच्या त्या काळच्या लग्नांचे फोटो पाहा, सगळ्यांच्या डोक्यावर, खांद्यावर लाल ठिपके आहेत. बाहेरगावच्या वऱ्हाडी बायका पांढऱ्या पातळावर डाग पडतात म्हणून कुरकुरायच्या. आमच्या बायका म्हणायच्या, ‘पडू द्या ना बाई, घरी जाऊन दाखवासाठी होईन.’

सावली पडायला लागली तेव्हा एक तरुण माणूस सायकलवर लोखंडी पेटी बांधून आला. पंक्चर काढणारा. मुसलमान वस्तीत त्याच्या मामाचं घर होतं. त्यानं बाबांना विचारलं, ‘भाऊ, इथं दुकान लावू काय? झाड तुमचं हाय असं म्हन्तेत.’ बाबा म्हणाले, ‘झाड पोरीचं हाय, तिले इचार.’ आक्का तेव्हा आठवी-नववीत. तिनं कमरेवर हात ठेवून सांगितलं, ‘लावा. पन माह्या सायकलचे पैसे घ्याचे नाहीत.’

‘तुह्यापाशी सायकल हाय काय?’

‘येनार हाय.’

त्यानं झाडाच्या खालच्या फांदीला एक जुनं टायर टांगलं, आणि तो आमचा चाचा झाला. झाडाच्या मावळतीच्या बाजूला त्याची पेटी, हवेचा पंप, पाण्याचं घमेलं. ट्यूब पाण्यात बुडवून तो बुडबुडे शोधायचा आणि संध्याकाळी ते काळं पाणी बुंध्याशी ओतायचा. थंडीत टायरचे तुकडे जाळून शेकत बसायचा. त्याचा वास आजही कुठं आला की मला आमचं गाव आठवतं; चांगला वास नाही तो, पण आठवतं.

आक्काला उंद्रीच्या शाळेत जायला खरंच सायकल आली. बाबांना वेळ नव्हता, म्हणून चाचानं शिकवली. कॅरिअर धरून मागे पळायचा.

‘आक्का, समोर पाह्य. झाडाकडे नको पाहू. जिकडे पाहाशीन तिकडेच जाशीन!’

धाड. आक्का सरळ गुलमोहरावर.

‘चाचा, झाडच मधात आलं.’

‘हाव, तेच चालत आलं तुह्याकडे. त्याले तू रोज पानी घालतं ना, भेटाले आलं.’

ती कधी पंक्चर घेऊन आली की तो हातातलं काम टाकून आधी तिची सायकल घ्यायचा. गिऱ्हाईक ओरडलं तर म्हणायचा, ‘जागामालकीन हाय बाप्पा, घर खाली कराले लावन.’

आक्काचं लग्न त्याच झाडाखाली झालं, वैशाखात. सुलतानपूरच्या शेतकरी घरात दिली. तिच्या पांढऱ्या साडीवर नारिंगी डाग पडले ते कधीच निघाले नाहीत. ती साडी तिनं अजून पेटीत ठेवली आहे. निघताना ती बाबांच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्या, आणि मग झाडाकडे बघत होती तेव्हा चाचा डोळे पुसत म्हणाला, ‘जाय बेफिकीर. मी हावो ना खाली.’

मी शिकलो, बुलढाण्याला कचेरीत लागलो. गावी येणं सणावारापुरतं. बाबा म्हातारपणी दिवसभर झाडाखाली चाचाजवळ बसलेले असत. दोघं मिळून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची टिंगल करायचे. बाबांच्या शेवटच्या आजारपणात आक्का सुलतानपूरहून येऊन महिनोन् महिने राहिली. तिनं फोन केला की मी म्हणायचो, ऑडिट चालू आहे. ऑडिट चालू होतं, हे खरं. पण बुलढाण्याहून बस पकडून गावी यायला ऑडिट आडवं येत नव्हतं. बाबांचं हगणं-मुतणं, त्यांचं ते बारीक झालेलं तोंड, मला पाहवत नव्हतं. मी गेलो तेव्हा ते गेले होते.

म्हणून मी पार बांधायचं ठरवलं.

आमच्याकडे पिंपळाला पार असतो, वडाला असतो, निंबाला असतो. गुलमोहराला कोणी पार बांधत नाही. पण बाबा तिथंच बसायचे, आणि मला त्यांचं नाव दगडात कोरून हवं होतं. चांगला गोल, काळ्या घडीव दगडाचा, वर फरशी, समोर नावाची पाटी. जयंतीच्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायचा. दगड मापानं घडवून आणला. मी आक्काला विचारलं नाही. तिला दाखवून चकित करायचं होतं.

बुलढाण्याहून आणलेल्या मिस्त्रीनं पाया खणायला घेतला आणि उगवतीच्या बाजूला मुळं लागली. गुलमोहराची मुळं खोल जात नाहीत; जमिनीला धरून, सापासारखी पसरतात. मांडीएवढी जाड मुळं होती ती. मिस्त्री हात पुसत उभा राहिला.

‘साहेब, हे मुळं लय जाड लागले. पार जरासा वाढवून घेऊ काय तिकून?’

वाढवला असता तर गोल बिघडला असता. घडवलेला दगड पुरला नसता. जयंती तोंडावर आली होती. मी म्हणालो, ‘तोडा.’

‘झाडाले...’

‘काही होत नाही. दुसरीकडे आहेत ना मुळं.’

कुऱ्हाड चालली. मुळं आतून पांढरी, ओली होती, नुकत्या कापलेल्या मुळ्यासारखी. चाचा त्या दिवशी बाजाराला गेला होता. संध्याकाळपर्यंत सगळं माती-गिट्टीत बुजलं आणि वर सिमेंट आलं.

जयंतीला पार उघडला. आक्का आली. तिनं बाबांच्या नावावरून हात फिरवला, अक्षरं चाचपली आणि माझा हात धरून रडली. ‘भाऊ, मी तं त्यायचं फक्त दुखनं काढलं. तू नाव काढलं,’ असं म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात, ऐन फुलोऱ्यात, दुपारी वावधन सुटलं. असलं वारं आमच्याकडे नवं नाही. गावातल्या एका निंबाची फांदी मोडली, पत्रे उडाले, आणि गुलमोहर मुळांसकट आडवा झाला, मावळतीकडे, चाचाच्या पेटीवर. चाचा चहा प्यायला गेला होता म्हणून वाचला. मला फोन आला. रात्रीच निघालो.

सकाळी पाहिलं. झाड रस्ताभर पडलं होतं, फुलांसकट. पडलेल्या झाडाला आपण पडल्याचं अजून कळलेलं नव्हतं. कळ्या उमलत होत्या. पार बांगडीसारखा फुटला होता. आणि बुंध्याची मुळं भिंतीसारखी उभी राहिली होती. एका बाजूला वाऱ्यानं ताणून तोडलेली, दोऱ्या-दोऱ्या झालेली. दुसऱ्या बाजूला सरळ कापलेली. काळी पडलेली, पण सरळ. ज्याला बघायचं त्याला स्पष्ट दिसलं असतं.

मी जेसीबीवाल्याला बाजूला घेतलं. ‘आधी बुंधा उचल. रस्ता बंद आहे, गाड्या खोळंबल्यात.’ गाड्या खरंच खोळंबल्या होत्या. खऱ्या कारणाच्या आडून असलं काम करून घ्यायची मला कचेरीची सवय होती. बुंधा उचलून नाल्यापलीकडे टाकला जाईस्तोवर मी तिथून हललो नाही.

लोक जमले होते. कुणीतरी म्हणालं, ‘एवढं मोठं झाड, असं कसं गेलं?’ दुसरा म्हणाला, ‘जाईन नाही तं काय. रोज रबर जाळे बुढा, बुडाशी काळं पानी ओते. झाडाचं बूड सडलं.’ बघता बघता सगळ्यांना ते पटलं. चाचा चेपलेल्या पेटीतून पान्हे वेचत होता.

दुपारच्या गाडीनं आक्का उतरली. झाड पाहिलं, पार पाहिला, लोकांचं ऐकलं. ती सरळ चाचापुढे जाऊन उभी राहिली.

‘चाचा, माह्या बाबाचं झाड खाल्लं तुमी. तुमाले सावली देल्ली, अन् तुमी त्याचं बूड जाळलं.’

मी तिच्या मागे उभा होतो. हाताच्या अंतरावर.

चाचानं तिच्याकडे पाहिलं. ‘हाव आक्का,’ तो म्हणाला. ‘माह्याच्यानंच झालं असन.’

मला वाटलं, भांडण वाढू नये म्हणून म्हणाला.

तोडलेल्या लाकडाला काही दम नव्हता. गुलमोहराचं लाकूड हलकं, फुसकं. ना दाराला, ना खाटेला. विहाराच्या जेवणावळीत ते जाळलं, धूरच जास्त झाला. थोड्या दिवसांत चाचा खामगावला मुलाकडे निघून गेला. जाताना मला फोन केला होता. मी उचलला नाही.

आक्कानं मात्र त्या पडलेल्या झाडाच्या शेंगा गोळा करून नेल्या होत्या. सुलतानपूरला तिच्या अंगणात तिनं बी लावलं. पुन्हा पाट्यावर घासून.

यंदा मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ते झाड घराच्या वर गेलेलं आणि लाल झालेलं. आक्का खाटेवर लुगडं पसरून कुरडया घालत होती. तिची नात, सहा-सात वर्षांची, कळ्यांची आवरणं नखांवर चिकटवून माझ्यासमोर आली. पंजे नाचवले. मी घाबरल्यासारखं केलं. मग ती माझ्या मांडीवर बसून गोष्ट सांगायला लागली, जणू मला ठाऊक नाही.

‘आबा, पहिले एक मोठं झाड होतं ना, याची माय. ते पंजोबाचं होतं. एक पंक्चरवाला बुढा होता, त्यानं त्याले मारून टाकलं.’

आक्का कुरडया घालतच होती.

‘मंग आबा, त्या बुढ्याले कोनं मारलं नाही काय?’

पोरीनं ते अगदी साधेपणानं विचारलं. तिला शिक्षा कळत होती, गोष्टीत ती असायलाच हवी होती. तिची लाल नखं माझ्या मनगटावर होती. हे झाड अजून वाढेल, मला वाटलं. ही पोरगी मोठी होईल, तिच्या लग्नात ह्याच पाकळ्या टाकतील आणि ती हीच गोष्ट सांगेल.

‘त्यानं नव्हतं मारलं,’ मी म्हणालो.

‘मंग?’ हे आक्कानं विचारलं. न वळता.

मी सांगितलं. मिस्त्री, मुळं, कुऱ्हाड, जेसीबी. चार वाक्यांत सगळं झालं. वर्षानुवर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एवढीशी निघाली. आक्काच्या हातात सोऱ्या तसाच फिरत राहिला. कुरडई गोल व्हायची सोडून लांबत गेली, खाटेच्या काठावरून खाली लोंबायला लागली.

‘पारासाठी?’

‘हाव.’

‘चाचा तं तिथंच होते. मी त्यायले बोलली, तवा तू माह्या मांगंच होता.’

‘हाव.’

‘अन् मी त्यायले काय-काय...’ ती थांबली. मग एकदम सोऱ्या आपटून वळली. ‘तू बोलत काऊन नाही बे? राजाची पाकळी नाही भेटली तं गावभर बोंबलायचा लहानपनी! मी माह्या तोंडची काढून देत जाओ तुले! तवा लय तोंड होतं!’

नात घाबरून आत पळाली. आक्कानं लोंबलेली कुरडई तोडून फेकली आणि म्हणाली, ‘उद्या खामगावले जाऊ.’

‘त्यांनी ओळखलं नाही तर?’

‘नाही ओळखलं तं ओळख दे.’

मेहकरहून खामगावची एसटी धरली. बसमध्ये ती खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर, तोंड बाहेर. खामगावात जिनिंगच्या बाजूला चाचाच्या मुलाचं टायरचं दुकान विचारत विचारत सापडलं. दुपार तापली होती. दुकानापुढे पत्र्याची पडवी, तिच्यात चाचा प्लास्टिकच्या खुर्चीवर. पत्रा असा तापलेला की खाली उभं राहवत नव्हतं. रस्त्यापलीकडे चांगला दाट निंब होता, त्याखाली ट्रकवाले झोपले होते.

मुलानं आम्हाला ओळखलं. पाणी दिलं. म्हणाला, ‘अब्बाले म्हन्तो, तिकडे निंबाखाली बसा. आयकतच नाहीत. इतके वर्षं झाले, झाडाखाली बसतच नाहीत. काऊन, तं झाड खराब होते म्हन्तेत.’

मी आक्काकडे पाहिलं नाही.

चाचा बराच वाळला होता. आक्काला पाहून उठायला लागला. तिनं खांदे धरून बसवलं आणि त्याच्या पायाशी पायरीवर बसली. मी समोर उभा.

‘चाचा,’ मी म्हणालो. आत कंप्रेसर सुरू होता. चाचानं कानामागे हात धरला.

‘त्यायले कमी आयकू येते,’ मुलगा आतून ओरडला. ‘मोठ्यानं बोला!’

मी जन्मात कधी मोठ्यानं बोललो नाही. वाकून त्याच्या कानाशी गेलो. ‘चाचा, ते झाड... मुळं मी तोडायला लावली होती.’

‘आं?’

‘मुळं! गुलमोहराची! मी तोडली! पारासाठी!’

टायर बदलायला थांबलेला ट्रकवाला वळून बघायला लागला. चाचा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ओठ हलवून त्यानं ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

‘कोनत्या बाजूचे?’

‘उगवतीकडचे!’

‘माह्या बाजूचे नाही?’

‘नाही चाचा!’

त्यानं मान हलवली. खाली पाहिलं. आपल्या काळ्या, रबराचा वास कायम राहिलेल्या हातांकडे. ‘मी तं समजे, माह्या पान्यानंच गेलं,’ तो म्हणाला. ‘रोज घमेलं तिथंच वतत जाओ. आक्का बोलली ते खरंच बोलली, असं समजे मी.’

आक्काचा हुंदका फुटला. ‘चाचा, मी तुमाले...’

‘तू तं बापासाठी रडत होती तवा,’ चाचा म्हणाला. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत मला तो जुना, कॅरिअर धरून मागे पळणारा माणूस दिसला.

‘बाबूसाहेब, मले बराबर आयकू नाही आलं. पुन्हा एक बार सांग. त्या पोरालेही आयकू गेलं पायजे. त्याच्या सासरचे लोकंही मलेच बोलेत.’

मी छाती भरून घेतली. ‘गावातला गुलमोहर चाचामुळे पडला नाही! त्याची मुळं मी तोडली होती! आणि मी तेव्हा गप्प राहिलो! चाचांचा काही...’

मधेच मुलानं कंप्रेसर बंद केला होता. माझ्या लक्षात आलं नाही. मी तसाच ओरडत राहिलो, आणि माझा आवाज गल्लीभर एकटाच गेला. पलीकडच्या निंबाखाली झोपलेला एकजण उठून बसला.

‘हळू बोल ना बे,’ चाचा म्हणाला. ‘आता येते आयकू.’

आक्का रडता रडता हसली. मला हसू आलं नाही. मी पायरीवर बसलो.

चहा आला. चाचानं बशीत ओतून फुंकर मारली आणि विचारलं, ‘गावात सांगतलं काय?’

‘नाही.’

‘मंग मी बहिरा मानूस, मलेच काऊन सांगून राह्यला पहिले?’

पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर उभं राहून सांगायचं मी कबूल केलं आहे. आक्का पुढच्या रांगेत बसणार आहे. मी फिरलो तर तीच उठून सांगेल, हेही तिनं कबूल केलं आहे.

निघताना तिनं पिशवीतून एक शेंग काढून चाचाला दिली. सुलतानपूरच्या झाडाची, पूर्ण वाळलेली. ‘त्याच झाडाची नात हाय,’ ती त्याच्या कानाशी म्हणाली. चाचानं शेंग कानाजवळ नेऊन हलवली. पुन्हा हलवली. त्याला काही ऐकू आलं नसावं. मग त्यानं ती डाव्या हाताच्या तळव्यावर आडवी ठेवली, वरून उजवा हात झाकला आणि दोन्ही हात हळूहळू हलवायला लागला, खुळखुळ हातांना लागेस्तोवर.